आमचे आडनाव कारपेंटर नव्हे!



या अंकात इंग्रजी व्याकरणावर काहीतरी लिही, असे बाईंनी मला सांगितले. व्याकरण म्हटले की निम्मे वाचक शेजारच्या चित्राकडे सरकतात, हे मला माहीत आहे. मीसुद्धा सरकले असते. पण मागच्या वर्षी आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन हे दोन शब्द मी कधी विसरत नाही. ती गोष्ट आधी सांगते, मग व्याकरण.

घडले ते असे

आमचे आडनाव सुतार. पण आमच्या घरात आता सुतारकाम कोणी करत नाही. माझे आबा, म्हणजे आजोबा, तरुणपणी नांगर, कुळव आणि बैलगाडीची चाके करायचे. माझे अण्णा, म्हणजे वडील, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कामाला जातात. लाकडाशी त्यांचा संबंध चुलीपुरताच.

मागच्या वर्षी मला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. अर्ज इंग्रजीत हवा होता. आम्ही सगळी माहिती मराठीत नीट लिहून दिली. ज्यांनी अर्ज भरून दिला, त्यांना घाई होती. त्यांनी आमचा मजकूर फोनवर टाकला आणि त्याचे इंग्रजी करून घेतले. काम अर्ध्या मिनिटात झाले. महिन्याभराने कागद हातात आला. माझे नाव बरोबर होते. अण्णांचे नावही बरोबर होते. आणि आडनावाच्या जागी काय असावे? कारपेंटर!

आधी घरात हसून हसून पुरेवाट झाली. आई म्हणाली, "अहो कारपेंटर, जेवायला बसताय न्हवं?" आबा म्हणाले, "बरं झालं बाबा. आता ती मोडकी खाट तूच दुरुस्त कर." पण हसू फार वेळ टिकले नाही. शाळेच्या दाखल्यावर सुतार, बँकेच्या पासबुकावर सुतार आणि या कागदावर कारपेंटर. ही दोन्ही नावे एकाच मुलीची आहेत, हे पटवून द्यायला अण्णांना तालुक्याला हेलपाटे घालावे लागले. कामावर दोन खाडे पडले. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो, हे आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना माहीत आहे. शिष्यवृत्तीचे पैसे तीन महिने अडकले ते वेगळेच.

एके रात्री अण्णा म्हणाले, "ह्या फोनला एवढं इंग्लिश येतंय, मग नाव कुठलं आणि काम कुठलं, एवढं कसं कळंना झालंय?"

मी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी बाईंना विचारला. बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या अण्णांनी तर व्याकरणातला मुख्य प्रश्नच विचारला." आणि त्या आठवड्यात आमचे इंग्रजीचे सगळे तास त्याच प्रश्नावर झाले. त्यातले मला जे समजले ते खाली लिहीत आहे.

सामाईक आणि मालकीचे

बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. कॉमन आणि प्रॉपर. मग विचारले, "प्रॉपर म्हणजे काय?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बरोबर! योग्य!"

बाई म्हणाल्या, "मग कॉमन नाउन काय चुकीचं असतं होय?" सगळा वर्ग हसला.

बाईंनी समजावून सांगितले की प्रॉपर या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे प्रोप्रियस म्हणजे स्वतःचे, ज्याचे त्याचे. प्रॉपर्टी हा शब्दसुद्धा त्याच घराण्यातला आहे. कॉमन म्हणजे सामाईक, सगळ्यांचे. आणि नाउन म्हणजे नाम. नाउन हा शब्द लॅटिनमधल्या नोमेन या शब्दावरून आला. त्याचा अर्थ नाव. आपला 'नाम' हा शब्द आणि लॅटिनचा नोमेन हे फार जुन्या काळी एकाच मुळापासून निघालेले आहेत. म्हणजे लांबचे का होईना, पण भाऊबंदच!

हे ऐकल्यावर मला गावाचे गायरान आठवले. गायरान सगळ्या गावाचे असते. तिथे कोणाचीही म्हैस चरायला जाते. पण शेताच्या सातबाऱ्यावर ज्याचे त्याचे नाव असते. कॉमन नाउन हे गायरानासारखे आहे आणि प्रॉपर नाउन हे सातबाऱ्यावरच्या नावासारखे.

नदी हे कॉमन नाउन. जगातल्या प्रत्येक नदीला नदीच म्हणतात. पंचगंगा हे प्रॉपर नाउन. ते आपल्या एका नदीचे नाव आहे. तळे हे कॉमन, रंकाळा हे प्रॉपर. किल्ला हे कॉमन, पन्हाळा हे प्रॉपर. तालुका हे कॉमन. आपल्या जिल्ह्यात तालुके बारा. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी आणि गगनबावडा ही बारा प्रॉपर नाउन झाली. बारा जणांना मिळून तालुका हे नाव एकच, आणि प्रत्येकाला आपले नाव निराळे.

मराठीत कॉमन नाउनला सामान्यनाम म्हणतात आणि प्रॉपर नाउनला विशेषनाम. सामान्यनाम सांगते 'काय आहे'. विशेषनाम सांगते 'त्यातले कोणते'.

मग फोन फसला कुठे?

इंग्रजीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे असतात, एक मोठे आणि एक छोटे. मोठ्याला कॅपिटल लेटर म्हणतात. प्रॉपर नाउनचे पहिले अक्षर मोठे लिहायचे, हा इंग्रजीतला पक्का नियम. रिव्हर म्हणजे नदी, ती छोट्या आरने. रंकाळा मात्र मोठ्या आरने.

आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. शेजारच्या कन्नड लिपीतही नाहीत. त्यामुळे 'दारात सुतार आले आहेत' हे वाक्य मराठीत लिहिले, तर ते सुतार म्हणजे दार बसवायला आलेले कारागीर, की सुतार आडनावाचे पाहुणे, हे अक्षरांवरून कळत नाही. आपण दाराकडे बघतो. करवत आणि रंधा हातात असेल तर कारागीर. पिशवीत मिठाई असेल तर पाहुणे!

इंग्रजीत हीच गोष्ट लिहिणाऱ्याला आधी ठरवावी लागते. कारागीर असेल तर कारपेंटर, छोट्या सीने. आडनाव असेल तर सुतार, मोठ्या एसने. आमच्या अर्जात देवनागरी अक्षरे होती. मोठ्या अक्षराची खूण नव्हती. फोनला दार दिसत नव्हते आणि पिशवीही दिसत नव्हती. त्याने अंदाज केला आणि अंदाज चुकला. तो कागद तपासून बघणारे माणूस हवे होते, ते त्या दिवशी नव्हते.

इथे एक गंमत सांगते. कॅपिटलचा नियम सगळ्या भाषांत सारखा नाही. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. मग ते टेबल असो, मांजर असो नाहीतर बर्लिन शहर असो. म्हणजे मोठे अक्षर ही फक्त खूण आहे. विशेषनाम हे खुणेमुळे विशेष होत नाही, ते त्याच्या कामामुळे होते. आपल्या मराठीत खूण नाही, पण विशेषनामे तर आहेतच.

एक तुळशी, तीन कामे

ही गोष्ट नीट कळावी म्हणून बाईंनी आपल्या पंचगंगेचेच उदाहरण दिले. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, असे आपण मानतो. पुढे ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

आता त्यातली तुळशी घ्या. 'आईने तुळशीला पाणी घातले' या वाक्यात तुळस हे झाड आहे. घरोघरी तुळस असते, म्हणून ते कॉमन नाउन. 'तुळशीला पूर आला' या वाक्यात तुळशी ही नदी आहे. ती एकच आहे, म्हणून ते प्रॉपर नाउन. आणि एखाद्या मुलीचे नाव तुळशी असेल आणि 'तुळशीला सर्दी झाली' असे आपण म्हटले, तर तेही प्रॉपर नाउन. इंग्रजीत झाड छोट्या टीने लिहायचे. नदी आणि मुलगी मोठ्या टीने.

तेव्हा कोणताही शब्द घेऊन 'हा कॉमन का प्रॉपर?' असे नुसते विचारून भागत नाही. वाक्यात तो शब्द कोणते काम करतो आहे, ते बघावे लागते.

ओळखण्याच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी भाषांतराची. कॉमन नाउनचे भाषांतर होते. प्रॉपर नाउनचे बहुधा होत नाही, ते जसेच्या तसे उचलून ठेवायचे. नदीचे रिव्हर होते, पण पंचगंगेचे 'फाइव्ह गंगा' होत नाही. चौकाचे स्क्वेअर होईल, पण बिंदू चौकाला 'डॉट स्क्वेअर' म्हटले तर रिक्षावाले मामा आपल्याकडे बघतच राहतील. मंगळवार पेठेला 'ट्यूजडे मार्केट' म्हणून चालणार नाही.

उलट बाजूने बघा. इंग्रजांतही आपल्यासारखी धंद्यावरून पडलेली आडनावे आहेत. स्मिथ म्हणजे लोहार. पॉटर म्हणजे कुंभार. टेलर म्हणजे शिंपी. बेकर म्हणजे पाव भाजणारा. आणि कारपेंटर हेही त्यांच्यात खरोखरचे आडनाव आहे! पण ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला आपण 'स्टीव्ह लोहार' म्हणतो का? हॅरी पॉटरला 'हरी कुंभार' म्हणतो का? नाही ना? मग आमच्या सुतारांनी काय घोडे मारले आहे?

या कसोटीला थोडे अपवाद आहेत. अरेबियन सी ला आपण अरबी समुद्र म्हणतो. रेड फोर्टला लाल किल्ला म्हणतो. इंडियाला भारत म्हणतो. ही नावे दोन्ही भाषांत आधीपासून रूढ आहेत. आपल्या मनाने नवीन भाषांतर करायचे नाही, एवढे लक्षात ठेवायचे.

दुसरी कसोटी मोजण्याची. कॉमन नाउन मोजता येत असेल, तर त्याच्यामागे एक, दोन, तीन असे लावता येते. अ रिव्हर, टू रिव्हर्स. पण 'टू पंचगंगाज' असे कोणी म्हणत नाही, कारण पंचगंगा एकच आहे. मात्र आमच्या वर्गात तीन पाटील आहेत. इंग्रजीत त्यांना 'थ्री पाटील्स' म्हणता येते आणि तरीही पी मोठाच राहतो, कारण ते आडनाव आहे.

तिसरी कसोटी 'कोणते?' या प्रश्नाची. मी म्हटले, "आम्ही सहलीला किल्ल्यावर गेलो." तुम्ही विचाराल, "कोणत्या?" म्हणजे किल्ला हे कॉमन नाउन. मी म्हटले, "आम्ही पन्हाळ्याला गेलो." आता 'कोणत्या?' असे विचारायचे कारण उरत नाही. म्हणजे पन्हाळा हे प्रॉपर नाउन.

आपल्या भागातल्या फसव्या जागा

कसोट्या पाठ झाल्या तरी काही शब्द फसवतात. मी स्वतः वहीत जिथे जिथे चुकले, त्या जागा देते.

वाडी : वाडी म्हणजे छोटी वस्ती. हे कॉमन नाउन. पण शिरोळकडची माणसे "पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो" असे म्हणतात, तेव्हा ती दत्ताच्या नृसिंहवाडीला जाऊन आलेली असतात. तिथे वाडी हे प्रॉपर नाउन झाले. आणि जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी आहे. ते आपल्या जिल्ह्यात आहे, रत्नागिरी जिल्ह्यात नाही. पत्त्यावर पूर्ण नाव लिहिले नाही तर पत्र घाट उतरून कोकणात जायचे!

पाटील : पाटील हा पूर्वी गावचा कारभार बघणारा वतनदार. तो हुद्दा होता. आज पाटील हे आडनाव आहे, आणि पोलीस पाटील हे गावातले पद अजूनही आहे. पद म्हणून नुसते लिहिले तर छोट्या पीने, आडनाव असेल तर मोठ्या पीने. म्हणजे कांबळे आडनावाचे गृहस्थ पोलीस पाटील असू शकतात आणि पाटील आडनावाच्या बाई शिक्षिका असू शकतात.

महाराज : राजा या अर्थाचा किंग हा शब्द एकटा आला तर छोट्या केने. पण पदवी नावाला जोडून आली की तीही नावाचा भाग होते. म्हणून शाहू महाराज लिहिताना एस मोठा आणि एमही मोठा. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या यशवंतराव या मुलाला १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतले, तेव्हा त्याचे नाव शाहू ठेवले. मुलगा तोच, प्रॉपर नाउन नवे. त्याच शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण करण्याचा हुकूम काढला. राधानगरी हे नावही महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून पडले.

विद्यापीठ : विद्यापीठे पुष्कळ आहेत, म्हणून युनिव्हर्सिटी छोट्या यूने. पण शिवाजी युनिव्हर्सिटी हे १९६२ साली स्थापन झालेल्या एका विद्यापीठाचे नाव आहे, म्हणून तिथे एस मोठा आणि यूही मोठा. आपल्या शाळेचे पूर्ण नाव लिहिताना स्कूलचा एस मोठा. नुसते 'माझी शाळा' म्हणताना एस छोटा.

कोल्हापुरी : हे नाम नव्हे, विशेषण आहे. पण ते प्रॉपर नाउनपासून झालेले असल्यामुळे त्याचा के मोठाच. चप्पल मात्र छोट्या सीने. नदीवर आपण बघतो तो बंधारा, ज्यात पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात, त्याला सगळ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. इंजिनियर लोक त्याला के. टी. वेअर म्हणतात. असा बंधारा विदर्भात असला तरी के मोठा, कारण तो के कोल्हापूरचा आहे.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत तयार झालेल्या चपलेलाच ते नाव लावायचे, असा त्याचा अर्थ. म्हणजे नावाचाही सातबारा असतो म्हणायचा!

आई : माय मदर असे लिहिताना एम छोटा, कारण आई प्रत्येकाला असते. पण 'मदर, मला वही दे' अशी हाक मारली, तर तिथे मदर हेच तिचे नाव झाले, म्हणून एम मोठा. आमच्या अण्णांचेही तसेच. माझे वडील म्हणजे माय फादर, छोट्या एफने. पण अण्णा लिहिताना ए मोठा.

वार, महिने आणि ऋतू : संडे, मंडे, जानेवारी, चैत्र, दिवाळी, मराठी, इंग्लिश ही सगळी मोठ्या अक्षराने. पण समर आणि विंटर म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा, हे छोट्या अक्षराने. असे का, ते मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "ही इंग्रजीची रीत आहे, ती पाठच करायची."

वाक्याची सुरुवात : वाक्यातला पहिला शब्द कॉमन नाउन असला तरी त्याचे पहिले अक्षर मोठे असते. ते बघून त्याला प्रॉपर नाउन समजू नये. आणि फॉर्मवर 'सर्व मजकूर कॅपिटलमध्ये भरा' असे असते, तेव्हा सगळीच अक्षरे मोठी होतात. मग खूण नाहीशी होते आणि इंग्रजीची अवस्थाही आपल्या देवनागरीसारखी होते. तिथे अर्थच बघावा लागतो.

जेसीबी : कधी कधी नाव सातबाऱ्यावरून उठून गायरानात जाते. आपल्याकडे विहीर खणायला किंवा बांध सरळ करायला पिवळे मशीन आले की आपण "जेसीबी आला" म्हणतो, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. खरे तर ते एका इंग्रज माणसाचे, जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांचे आणि त्यांच्या कंपनीचे नाव. झेरॉक्सचेही तसेच झाले आहे.

नावातला अर्थ

विशेषनामातला अर्थ बहुधा झोपलेला असतो. आमच्या आडनावात आबांच्या आबांचे काम झोपलेले आहे. आम्हाला हाक मारताना कोणाला रंधा आठवत नाही. पण काही नावांतला अर्थ झोपत नाही. मुलगी नको होती म्हणून काही घरांत मुलीचे नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवत. तो साधा मराठी शब्द, पण त्या मुलीला तो हजेरीत रोज ऐकावा लागे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एका समारंभात अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांतल्या कित्येकींनी आपले नाव स्वतः निवडले. ही गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही. प्रॉपर म्हणजे स्वतःचे, हे मला तेव्हा नीट समजले.

पालकांना एक विनंती

आता पालकांसाठी थोडेसे. आमच्या घरी जे झाले ते तुमच्या घरी होऊ नये. कुंभार, लोहार, सोनार, गुरव, माळी, परीट, शिंपी, कुलकर्णी, देशमुख ही सगळी आडनावे कधी ना कधी कामाची किंवा हुद्द्याची नावे होती. फोन त्यांचे भाषांतर करू शकतो. म्हणून एका कागदावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि गावाचे नाव इंग्रजीत लिहून ठेवा. शाळेच्या दाखल्यावर असेल तसेच स्पेलिंग ठेवा. फॉर्म भरायला जाताना तो कागद बरोबर न्या. सही करण्याआधी इंग्रजी मजकूर मुलांकडून एकदा वाचून घ्या. आम्हाला पूर्ण इंग्रजी येत नसेल, पण आपले नाव आणि आपले गाव आम्ही नक्की ओळखतो.

आमचा कागद शेवटी दुरुस्त होऊन आला. पैसेही जमा झाले. अण्णांनी कागद आबांना दाखवला. आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी आडनावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून मला विचारले, "ह्ये वाकडं अक्षर कशाचं गं?"

मी म्हणाले, "आबा, हा मोठा एस. सुतारचा."

"मोठा कशापायी?"

"आपलं नाव हाय म्हणून."

आबा म्हणाले, "मग चांगला ठळक काढायला शीक." मी तेव्हापासून तो ठळकच काढते.

ओळखा पाहू!

पुढच्या वाक्यांत कोणते नाउन मोठ्या अक्षराने आणि कोणते छोट्या अक्षराने लिहाल? आधी वहीत उत्तर लिहा, मग खाली बघा.

१. आवर स्कूल इज निअर द पंचगंगा.
२. मिस्टर लोहार इज अ टीचर.
३. वी वेन्ट टू रंकाळा ऑन संडे.
४. माय मदर वॉटर्स द तुळशी एव्हरी मॉर्निंग.
५. द किंग लिव्ह्ड इन कोल्हापूर.

उत्तरे : १. स्कूल छोटे, पंचगंगा मोठे. २. मिस्टर आणि लोहार मोठे, टीचर छोटे. ३. रंकाळा आणि संडे मोठे. ४. मदर, तुळशी आणि मॉर्निंग तिन्ही छोटे, कारण ही तुळस अंगणातली आहे, नदी नव्हे. ५. किंग छोटे, कोल्हापूर मोठे.

पाचही बरोबर आली त्यांनी आपले नाव इंग्रजीत लिहून या भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाकावे. पहिले अक्षर मोठे काढायला विसरू नये!

आपली,
इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी